डेंग्यूत सुजलेले पित्ताशय: शस्त्रक्रियेची घाई कशासाठी?

धागाकर्ता: गेल्या पावसाळ्यात पुण्यात माझ्या भाच्याला डेंग्यू झाला. पाचव्या दिवशी ताप उतरला, घरातल्यांचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच रात्री उजव्या बरगडीखाली अशी कळ सुरू झाली की त्याला कुशीवरही वळवेना. सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत ७ मिलिमीटर जाड (एरवी ती ३ मिलिमीटरपेक्षा जाड नसते), भोवती थोडे पाणी, खडा मात्र एकही नाही. प्लेटलेट ३२ हजार. अहवालात ‘पित्ताशयाचा तीव्र दाह’ असे वाचून रात्रपाळीच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तयारी ठेवायला सांगितले. सकाळी फिजिशियनांनी ते थांबवले; मोजून सलाइन, पॅरासिटामॉल आणि दर काही तासांनी हिमॅटोक्रिटची (रक्तातील तांबड्या पेशींच्या प्रमाणाची) तपासणी, एवढ्यावर भागले. दोन आठवड्यांनी भिंत पूर्ववत झाली होती.

डेंग्यूत केशवाहिन्यांमधून रक्तद्रव झिरपतो, आणि तो जसा छातीत व पोटात साठतो तसाच पित्ताशयाच्या भिंतीतही मुरतो. ही बहुतेक वेळा सूज असते, पू नव्हे. तेव्हा डेंग्यूच्या रुग्णाच्या अहवालात ‘तीव्र दाह’ हे शब्द सरसकट लिहूच नयेत, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १: मी शस्त्रक्रियातज्ज्ञ आहे आणि या मताशी असहमत आहे. एक भाचा बरा झाला म्हणून नियम ठरत नाही. खड्यांशिवाय होणारा पित्ताशयदाह खड्यांमुळे होणाऱ्या दाहापेक्षा अधिक दगा देतो. भिंतीचा रक्तपुरवठा तुटून ती सडते, क्वचित फुटते, आणि डेंग्यूतही असे रुग्ण आढळलेले आहेत. उतरलेला ताप पुन्हा चढला, पोट लाकडासारखे ताठरले, किंवा डेंग्यूत एरवी घटणाऱ्या पांढऱ्या पेशी एकाएकी वाढू लागल्या, तर ‘नुसती सूज आहे’ म्हणून स्वस्थ बसणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. रात्री दोन वाजता सावधपणे विचार करणाऱ्या डॉक्टरला घायकुता ठरवणे सोपे असते.

धागाकर्ता: शस्त्रक्रिया कधीच नको, असे मी म्हटलेले नाही. पण प्लेटलेट ३२ हजार, रक्तवाहिन्या झिरपत आहेत आणि रक्तदाब कधीही कोसळू शकतो, अशा अवस्थेत भूल देऊन पोट उघडण्यातला धोका आपल्या प्रतिसादात कुठेच आलेला नाही. आपण सांगितलेली एकही खूण भाच्यात नव्हती. तीव्र पोटदुखी ही जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत डेंग्यूचीच धोक्याची खूण म्हणून नोंदवलेली आहे. ती दिसली की आधी रक्तद्रवाच्या गळतीकडे पाहायला हवे, शस्त्रक्रियागृहाकडे नंतर.

प्रतिसाद २: मी सोनोग्राफीचे अहवाल लिहितो, म्हणून दोघांनाही एक विचारतो: विनंतीपत्रावर ‘डेंग्यू, पाचवा दिवस’ असे लिहिलेले होते का? भिंत काविळीत जाड दिसते, पोटात पाणी झाले तरी दिसते, रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन उतरले तरीही दिसते. कागदावर फक्त ‘पोटदुखी’ असेल, आणि यंत्राचा दांडा पित्ताशयावर दाबताच रुग्ण कळवळला, तर मी ‘तीव्र दाह’च लिहीन आणि त्यात माझी चूक मानणार नाही.

प्रतिसाद ३: थोडे बाजूचे, पण अशा पोटदुखीवर डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचे इंजेक्शन सर्रास टोचले जाते. डेंग्यूत त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. शस्त्रक्रियेवर एवढा वाद चालला आहे, तर या इंजेक्शनवर कोणीच का बोलत नाही?

धागाकर्ता: आत्ताच फाइल काढून पाहिली. विनंतीपत्रावर ‘पोटदुखी, उलट्या’ एवढेच आहे. अहवाल लिहिणाऱ्यावरचा माझा आक्षेप मी मागे घेतो. मात्र रात्रपाळीच्या डॉक्टरांसमोर डेंग्यूचा अहवाल आणि प्लेटलेटचा आकडा दोन्ही होते, त्यामुळे त्यांच्याबद्दलचे मत बदलण्याचे कारण मला अजून दिसलेले नाही.