मंडळीतलं भांडण कोर्टात नेणं ख्रिस्ती माणसाला शोभतं का?

नगरी_सलाम: सर्वांना सलाम. आमच्या भागातल्या एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीच्या निवडणुकीवरून दोन तट पडलेत. धर्मादाय आयुक्तांकडे दोन्ही गटांचे चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचे अर्ज, पडून आहेत. प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर नि द्राक्षारस, मात्र दोघेही घेतात! बायबलमध्ये करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल विचारतो, भावावर फिर्याद करण्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? माझं मत स्पष्ट आहे: मंडळीचा वाद बाहेर नेणारा, निकाल काहीही लागो, तिथेच हरला.

काळा_कोट: ऐकायला छान. पण चर्चचा ट्रस्ट १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेला असतो. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत कळवावंच लागतं. तिथे जाणं म्हणजे भांडण नव्हे. आणि पौल क्षुल्लक, आपापसातल्या बाबींबद्दल बोलतोय. मिशनच्या काळातली जागा कोणी परस्पर बिल्डरच्या घशात घालत असेल तर ‘सोसायचं’ कोणाच्या वतीने? स्वतःचं नुकसान मी सोसेन. मंडळीचं सोसायचा अधिकार मला कोणी दिला?

जुना_गायनवृंद: वकीलसाहेब, त्या वाटेचा शेवटही सांगा. १९७० साली नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सीएनआय, झाली. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीची मालमत्ता तिच्यात गेली की नाही, याचा सुप्रीम कोर्टाचा निकाल यायला २०१३ उजाडलं. गेली नाही, असं ठरलं. एवढ्या काळात संडेस्कूलची पोरं आजोबा झाली असतील.

रूथची_सून: तुमचं जमिनीचं चालू द्या, मला दुसरंच खटकतंय. ‘भांडू नकोस, नमतं घे, प्रार्थना कर’ हे आपल्याकडे नेमकं कोणाला सांगितलं जातं? मार खाऊन माहेरी आलेल्या बाईला. हिशेब मागणाऱ्या तरुणाला. खजिनदाराला कोणी सांगत नाही. अंत्युखियात पौलाने पेत्राला, येशूच्या पट्टशिष्याला, सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं, गलतीकरांस दुसरा अध्याय. मग पौल भांडखोर का?

नगरी_सलाम: ताई, मारहाण हा गुन्हा आहे, तिथे पोलिसच हवेत. त्यावर माझा वाद नाही. पण ‘तोंडावर’ हा शब्द तुम्हीच वापरलात. मत्तय अठरामध्ये क्रम दिलाय: आधी एकांतात, मग एकदोन साक्षीदार, मग मंडळी. आपला क्रम बघा. आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, मग बिशपसाहेबांना निनावी पत्र, मग वकील. एकांतात कोणी जातच नाही, कारण एकांतात टाळ्या नसतात.

काळा_कोट: हे मान्य. माझ्याकडे येणाऱ्यांना मी विचारतो, समोरच्याशी बोललात का? बहुतेक जण चिडतात. तरी कोर्ट वर्ज्य नाही, एवढंच.

बर्णबा_गट: नाहीच पटलं तर वेगळं व्हावं. प्रवासात मार्क नावाच्या सहकाऱ्याला सोबत न्यायचं की नाही यावरून पौल आणि त्याचा साथी बर्णबा यांचं कडाक्याचं वाजलं आणि दोघे दोन दिशांना गेले. पुढे तोच मार्क आपल्या उपयोगी आहे, असं पौल तीमथ्याला लिहितो. दूर गेल्याने राग निवला असेल.

रूथची_सून: त्या दोघांच्या नावावर इमारत नव्हती हो! वेगळं होताना भाड्याचे गाळे कोणाकडे जाणार होते?

नगरी_सलाम: म्हणून मला फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय जवळचा वाटतो. तिथल्या मंडळीतल्या युवदीया आणि सुंतुखे या दोघी एकचित्त व्हाव्यात म्हणून पौल तिथल्या एका सोबत्याला मध्ये पडायला सांगतो. दोघींना आपसात मिटवा म्हणून सोडून देत नाही. आमच्याकडेही असा तिसरा माणूस हवा. शेजारच्या मंडळीतले निवृत्त पाळक, म्हणजे धर्मगुरू?

जुना_गायनवृंद: कोणाचे व्याही आहेत ते आधी बघा.

नगरी_सलाम: बघितलं. दोन्ही गटांचे.

काळा_कोट: मग चालतील. विचारून बघा.