पांदणीवर सायकलचा फोर्क दगड होते, हवा कमी केली तरी

संत्रावाला_वरूड
नमस्कार मंडळी. बगीचा घरापासून सहा किलोमीटर, त्यातले शेवटचे दोन पांदण. मार्चच्या अवकाळीत तिथं ट्रॅक्टर फसला होता. ती काळी माती आता वाळून वीट झाली. टायरच्या नक्षीचे उंचवटे हातहातभर अंतरावर, दोनशे मीटर सलग. सायकलला पुढं हवेचा फोर्क (दबणारा शॉकअप), १०० मिमी ट्रॅव्हल म्हणजे जास्तीत जास्त एवढा दबते, माझं वजन ७४ किलो. पहिले दोन-तीन उंचवटे लोण्यासारखे जातात, मग एकदम कडक. बगीच्यात पोचेपर्यंत हात सुन्न. फोर्क टाइट आहे समजून हवा ८० पीएसआयवरून ७०, मग ६० केली, तर आणखीच बेकार. फोर्कच्या वरचं निळं बटन, दबणं कमी-जास्त करायचं, पूर्ण उघडं आहे. खालच्या लाल बटनाचं दुकानात विचारलं तर पोरगा म्हणे, "त्याले हात नका लावू काका, आम्ही सेट करून देलं." सील गेलं का?

पंक्चर_भाऊ
आधी टायरात किती हवा आहे ते सांगा. ५० भरली असेल तर फोर्कला कशाला बोल लावता!

घाटउतार
काका, सील नाही गेलं. "पहिले दोन-तीन मऊ, मग कडक" यातच सगळं आलं. दबलेला फोर्क वर येताना तेल बारीक छिद्रातून जाते. लाल बटन म्हणजे त्या छिद्राची चावी. ती आवळलेली असली की फोर्क वर यायच्या आत पुढचा उंचवटा हजर. प्रत्येक दणक्याला थोडा थोडा खाली बसत जाते आणि सातव्या-आठव्याला तुम्ही शेवटच्या कडक भागावरच चालवून राहिले. हवा कमी केली म्हणजे वर ढकलणारा जोरच कमी केला, म्हणून आणखी हळू.

वरच्या चकचकीत नळीवर रबरी रिंग नसेल तर झिप टाय बांधा. शॉक पंपानं हवा वाढवा, सायकलवर नेहमीसारखं बसल्यावर २० मिमीच्या आसपास दबला पाहिजे. मग लाल बटन कासवाच्या चित्राकडे हलक्या हातानं शेवटपर्यंत फिरवा आणि तिथून सशाकडे क्लिक मोजत अर्ध्यावर या. पुढं त्याच दोनशे मीटरवर दोन-दोन क्लिक. निळ्याला तोवर हात लावायचा नाही, नाहीतर कशानं काय झालं ते समजत नाही. मी परतवाड्याच्या घाटात दोन्ही बटनं एकदम फिरवून अख्खा रविवार घालवला आहे.

संत्रावाला_वरूड
टायर ४५ वर होते, ३० केले. पंक्चर भाऊ, तुमचंही थोडं खरं निघालं. पण लाल बटन कासवावर घट्ट आवळून ठेवलं होतं! एकूण १८ क्लिक निघाले. हवा ७८, बसल्यावर २१ मिमी. ९ वर फरक पडला, ११ वर हात सुन्न झाले नाहीत. १४ वर हँडल उड्या मारू लागलं, म्हणून परत ११.

एक कोडं राहिलं. सकाळी मस्त चालते, दुपारी दोनला ओलीत आटोपून निघालो की तोच ११ क्लिकचा फोर्क उसळते.

घाटउतार
उन्हात ठेवता ना? सकाळी २५ अंशाला भरलेली ७८ हवा ४५ अंशाला ८४ च्या जवळ जाते. वर तेल पातळ होते ते वेगळंच. हवा काढू नका, सकाळी कमी पडेल. दुपारी दोन क्लिक कासवाकडे घ्या.

संत्रावाला_वरूड
बंधाऱ्यावर उघड्यावरच उभी राहते. उद्यापासून संत्र्याखाली लावतो. बटनावर चिखल बसून कासव-ससा दिसेनासे झाले होते, जुन्या ब्रशनं घासले.

पंक्चर_भाऊ
घासताना त्या नळीच्या तोंडाशी पाण्याचा पाइप नका धरू. सील तेव्हा जाते.