लिंडन जॉन्सनची 'ग्रेट सोसायटी' खरंच फसली का?

बोरूबहाद्दर
१९६३ ते १९६९ अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष असलेला जॉन्सन म्हटलं की आपल्याला फक्त व्हिएतनामचं युद्ध आठवतं. या माणसाने आपल्या देशात काय उलथापालथ केली, त्यावर मराठीत फारसं कोणी लिहीत नाही. जानेवारी १९६४ मध्ये त्याने गरिबीविरुद्ध युद्ध पुकारलं, मे महिन्यात मिशिगन विद्यापीठात 'ग्रेट सोसायटी' या समाजकल्याणाच्या कार्यक्रमाची घोषणा केली. नोव्हेंबरात ६१ टक्के मतं घेऊन निवडून आला आणि मग कायद्यांचा धडाकाच लावला: म्हाताऱ्यांना मेडिकेअर आणि गरिबांना मेडिकेड (दोन्ही सरकारी आरोग्यविमे), शाळांना केंद्राचा पैसा, कृष्णवर्णीयांच्या मतदानाला संरक्षण. नागरी हक्कांचा कायदा आणि फूड स्टॅम्प (गरिबांना अन्नासाठी कूपनं) त्याआधीच झालेले.

१९६४ मध्ये १९ टक्के अमेरिकन दारिद्र्यरेषेखाली होते, १९७३ मध्ये ११.१ टक्के. तरी १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन म्हणाले की त्या युद्धात गरिबीच जिंकली! माझं मत: जिथे सरकारने सरळ विमा, अन्न किंवा पैसा हातात दिला तिथे काम झालं. जिथे गरिबाला 'सुधारायला' गेले तिथे फजिती.

खतावणी
आकडे सोयीच्या वर्षापासून मोजलेत. १९५९ मध्ये गरिबी २२.४ टक्के होती, म्हणजे जॉन्सन यायच्या आधीच उतरत होती. तेव्हा नोकऱ्या वाढत होत्या, १९६४ ची करकपातही मुळात आधीचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची. कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवला म्हणायचं का? आणि १९७३ नंतर काय? योजना चालू, खर्च वाढता, आकडा मात्र बहुतेक वर्षं ११ ते १५ च्या मध्ये अडकलेला.

बोरूबहाद्दर
अडकणारच. तो अधिकृत आकडा फक्त रोख उत्पन्न मोजतो. फूड स्टॅम्प, मेडिकेड त्यात धरतच नाहीत. औषध द्यायचं आणि ते पोटात गेलंय हे न मोजताच गुण नाही म्हणायचं, हा कुठला न्याय? वृद्धांचं बघा. १९५९ मध्ये ३५ टक्के गरीब, १९७५ च्या आसपास १५ टक्के.

खतावणी
वृद्धांचं श्रेय सोशल सिक्युरिटीला, म्हणजे सरकारी पेन्शनला द्या. तो रूझवेल्टचा १९३५ चा कायदा, आणि १९७२ ची २० टक्के वाढ निक्सनच्या सहीची. मेडिकेअरने केलं काय, तर रुग्णालयं जो खर्च दाखवतील तो भरून देण्याची सोय केली. मग बिलं फुगली नाहीत तरच नवल.

टेक्सासवासी_काकू
खतावणी, बिलांचं मान्य. पण मेडिकेअरची एक गोष्ट कुठल्याच दारिद्र्यरेषेत दिसत नाही. दक्षिणेत गोऱ्यांचे आणि काळ्यांचे वॉर्ड वेगळे असत, काही रुग्णालयं तर काळ्यांना घेतच नसत. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार, भेदभाव करणाऱ्याला केंद्राचा पैसा नाही. १ जुलै १९६६ ला मेडिकेअर सुरू होणार म्हटल्यावर काही महिन्यांत हजारभर रुग्णालयांनी भिंती पाडल्या. भाषणांनी जे झालं नव्हतं ते बिल अडेल या भीतीने झालं. मला तर जॉन्सनचं सगळ्यात पक्कं काम हेच वाटतं.

अण्णा_सोलापूरकर
कुटुंबव्यवस्थेचं काय? घरात पुरुष असला तर मुलं असलेल्या गरीब बाईचा सरकारी भत्ता बंद. नवऱ्याला घराबाहेर काढायला सरकारनेच शिकवलं. हीच ती ग्रेट सोसायटी.

टेक्सासवासी_काकू
अण्णा, तो भत्ताही १९३५ चाच. घरात पुरुष दिसला की पैसे बंद, हा नियम राज्यांनी घातला होता आणि १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो उडवला. जॉन्सनच्या नावावर किती जणांची पापं घालणार?

मिलोची_भाकर
आम्हाला मात्र तोच जॉन्सन आठवतो, ज्याने ६५-६६ च्या दुष्काळात भारताचा गहू महिन्यामहिन्याने सोडला. घरात दानशूर, बाहेर सावकार.

खतावणी
मिलो, अवांतर आहे, पण मुद्दा चोख.

परदेशस्थ_पांडू
अवांतर निघालंच आहे तर, ऑक्टोबर १९६५ चा स्थलांतर कायदाही त्याचाच. त्याआधी भारतातून येणाऱ्या स्थलांतरितांचा वार्षिक कोटा होता १००! आज अमेरिकेतून इथे प्रतिसाद देणाऱ्यांपैकी बहुतेकांची वाट त्या कायद्याने मोकळी केली.

अण्णा_सोलापूरकर
आणि त्याच कायद्याने मेक्सिकोसकट सगळ्या पश्चिम गोलार्धावर पहिल्यांदा मर्यादा आली, वर्षाला १ लाख २० हजार. एकाला दार उघडलं, शेजाऱ्याला लावलं.

खतावणी
धाग्यावर परत येऊ. बोरूबहाद्दर, 'सुधारायला गेले तिथे फजिती' हे तुमचंच वाक्य आहे. जॉब कॉर्प्स (गरीब तरुणांना कामाचं प्रशिक्षण), गरिबांनाच सहभागी करून घेणाऱ्या वस्तीपातळीवरच्या समित्या, त्यावरून महापौरांशी झालेली भांडणं हा कार्यक्रमाचा गाभा होता. तोच फसला असं तुम्हीही म्हणता. मग वाद कशाचा?

बोरूबहाद्दर
वाद पैशाचा. त्या समित्यांना पुरेसा पैसा मिळालाच कधी? व्हिएतनामचं युद्ध आणि योजना दोन्ही झेपतील म्हणत जॉन्सनने करवाढ लांबवली. शेवटी १९६८ मध्ये प्राप्तिकरावर १० टक्के अधिभार लावला, तर अमेरिकन संसदेने, म्हणजे काँग्रेसने, बदल्यात ६ अब्ज डॉलरची खर्चकपात वसूल केली. 'गाभा' फसला म्हणताना ही कपात तुमच्या हिशेबात कुठल्या रकान्यात आहे, तेवढं सांगा.