पुस्तकातला प्रत्येक पदार्थ जसाच्या तसा करायचा का आपल्या हिशोबानं?

दारव्ह्याकडची_सून
पोळ्यापासून मी 'रुचिरा' पहिल्या पानापासून करून राहिली. कमलाबाई ओगल्यांचं, पहिली आवृत्ती १९७० ची. माझ्याकडे आहे ते आईनं लग्नात दिलेलं, चौदा वर्षं कपाटात साड्यांखाली पडून होतं. नियम एकच, काही सोडायचं नाही आणि पहिल्या वेळी काही बदलायचं नाही. गाव आमचं लहान, ओला नारळ पूजेपुरताच भेटतो, आमसूल तर तालुक्याहून आणलं. घरी वाद सुरू आहे की आपल्या तोंडाला गुळाची आमटी चालत नाही तर करायचीच कशाला. माझं म्हणणं, नीट करून खाल्लीच नाही तर आवडत नाही हे ठरवलं कोणी? तुम्हाला काय वाटते?

तूर_पऱ्हाटी
ताई राग नका मानू पण मले हे पटत नाही. कापूस वेचणी लागली का सकाळी डबा बांधून वावरात जा लागते, तवा पान पाहून कोण रांधते? दिवसभर वाकून आलेल्या माणसाले झुणका-भाकर अन् ठेचा पायजे. अन् आमच्या बुढीनं जल्मात वाटीनं मोजलं नाही. गोवऱ्याच्या आरात दाबलेला कणकेचा रोडगा चिमट्यानं ठोकून पाह्यते अन् आवाजावरून सांगते का आतून कच्चा हाय म्हणून. हे कोणत्या पुस्तकात भेटते सांगा.

दारव्ह्याकडची_सून
दादा, वेचणीच्या दिवसात मी पण झुणकाच करते, पुस्तक रविवारी आणि सणाला. पण मोजण्याचं म्हणाल तर माझ्या चकल्यांचं ऐका. दरवर्षी कडक व्हायच्या, दाताखाली कटकन तुटायच्या, आणि मी भाजणीला दोष द्यायची, कधी गिरणीवाल्याला. या वेळी पुस्तक समोर ठेवून केल्या तरी तेच झालं, मग रडकुंडीला येऊन एकेक माप परत पाहिलं तेव्हा समजलं. आमच्या घरची वाटी सासूबाईंची, पितळी, चांगली मोठी. त्या पुस्तकात मापं वाटी-चमच्याची, सगळं वाटीनंच मोजलं तर वाटी कोणतीही असो प्रमाण बरोबर राहते. पण मी पीठ मोठ्या वाटीनं घेत होती आणि मोहन नेहमीच्या चमच्यानं, म्हणजे पीठ वाढलं, तेल तेवढंच. दुसऱ्या घाण्याला लहान स्टीलची वाटी घेतली, चकली अशी खुसखुशीत झाली की सासूबाईंनी दोन परत मागितल्या. अंदाजानं करत राहिली असती तर मले हे कधीच सापडलं नसतं.

वर्धेची_काकू
अगं पण वाटी सारखी केली तरी माल कुठे सारखा असतो? भिवापुरी मिरचीचं तिखट आणि पुण्यातलं पाकिटातलं तिखट, दोन्हीचा एक चमचा म्हणजे एक का? आपल्या गावरानी तुरीची डाळ शिजायला वेगळा वेळ लागते, बोअरच्या जड पाण्यात तर अजूनच. लिहिणाऱ्या बाईंनी त्यांच्या सांगलीकडच्या स्वयंपाकघरात जे होतं ते लिहिलं आणि फार छान लिहिलं, पण नारळ नाही म्हणून तालुक्याला बस पकडून जायचं हे मला चुकीचं वाटते. आपल्याकडे जवस आहे, तीळ आहे, शेंगदाण्याचा कूट आहे. ते वापरून केलं तर पदार्थ मोडत नाही, आपला होतो.

दारव्ह्याकडची_सून
काकू तिखटाचं शंभर टक्के मान्य, तिथे मी पण हात आखडते, म्हणजे माझा नियम तिथेच मोडला म्हणा. पण नारळाचं नाही. पहिल्याच वेळी शेंगदाणे घातले तर मूळची चव कशी होती हे मला कधी समजणारच नाही. दुसऱ्यांदा करताना खुशाल जवस घालीन.

रूमवरचा_पोट्टा
मी ताईच्या बाजूनं. मी पुण्याला रूमवर राहतो, आईला फोन करून विचारलं पाटवडीला बेसन किती तर म्हणे 'लागेल तेवढं', आणि पाणी? 'पाहून घे'. काय पाहून घेऊ? तिला हातानं समजते, मला नाही समजत, चार वेळा गोळे झाले तेव्हा कुठे जमली. कोणीतरी वाटीत लिहून ठेवलं असतं तर बेसन वाया गेलं नसतं.

तूर_पऱ्हाटी
हे मात्र खरं हाय. बुढी ८१ ची झाली, तिच्यानंतर रोडगे कोण करन हे मनात येते.

दारव्ह्याकडची_सून
मग लिहून घ्या ना दादा, हेच तर मी सांगून राहिली! तिला मोजायला सांगू नका, तिला तिच्या हातानंच घेऊ द्या. फक्त परातीत टाकायच्या आधी प्रत्येक मूठ वाटीत ओतून पाहायची आणि लिहायची. माझ्या आजेसासूबाईंच्या सांबारवडीचं (म्हणजे कोथिंबीर वडीचं) मी असंच केलं, सांबार किती, बेसन किती, सगळं वहीत आलं. ठोकल्यावर आवाज कसा येते ते पण लिहा, जसं ती सांगेल त्याच शब्दात.

तूर_पऱ्हाटी
रविवारी वावरात रोडग्याची पंगत हाय, वही घेऊन बसतो तिच्याजवळ. गुळाच्या आमटीचं माझं मत मात्र तेच हाय ताई.