लातुरात घरच्या लॉनवर पटिंग ग्रीन जमेल का?

प्रश्न : औसा रोड, लातूर

नमस्कार मंडळी. आमच्या घरापुढं तीस बाय चाळीस फुटांचं लॉन आहे. लेक नववीला आहे. सुट्टीत पुण्याला मामाकडं गेली की तिथं गोल्फ शिकते. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचं पदक एका फटक्यानं हुकलं, ते तिनं टीव्हीवर पाहिलं होतं. तेव्हापासून पटिंगचा, म्हणजे हलक्या फटक्यानं चेंडू जमिनीवरून भोकात घालण्याचा, ध्यासच घेतलाय. इथं मात्र सरावाला ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची अगदी बारीक कापलेल्या गवताची जागा, नाही. आमच्या लॉनवर चेंडू दोन हात जातो न जातो तोच अडकतो, नाहीतर उडी मारून भलतीकडं वळतो. मशीन अगदी खालच्या खाचेवर लावलं तरी बोटभर गवत राहतंच.

एक जण म्हणायलेत, सगळं उपटून परदेशी गवत लावा. दुसरे म्हणायलेत, आहे त्याच मातीवर टर्फ, म्हणजे प्लॅस्टिकचं गवत, अंथरून देतो, दोन दिवसांचं काम. मला दोन्ही पटेना. एप्रिल-मेमध्ये आमचा बोअर उचक्या देतो, टँकर घ्यावा लागतो. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते दिवस आम्ही काढलेत. गवतावर पाणी ओतायला हात धजत नाही. पण लेकीचा सराव थांबू नये असंही वाटतं. कमी पाण्यात काही होण्यासारखं आहे का?

उत्तर : नर्सरीवाला, छत्रपती संभाजीनगर

ताई, तुमचं लॉन 'सिलेक्शन नंबर वन'चं असेल तर ती आपली हरळीच. गरम मुलखातल्या कितीतरी ग्रीनवर हरळीच्याच कुळातलं संकरित गवत असतं, टिफड्वार्फ किंवा टिफईगल. त्याला बी धरत नाही, कांड्या लावाव्या लागतात. थंड देशातलं बेंटग्रास कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा, आपल्या उन्हात ते टिकत नाही.

खरी अडचण कापणीची आहे. ग्रीनचं गवत तीन-चार मिलिमीटरवर ठेवतात. तुमच्या मशीनचं पातं पंख्यासारखं आडवं फिरतं, ते इतकं खाली जातच नाही. त्याला रीलचं मशीन लागतं, कात्रीसारखं कापणारं, आणि वाढीच्या दिवसांत जवळजवळ रोज फिरवावं लागतं. खाली चार इंच खडी आणि वर बारा इंच वाळूमिश्रणाचा थर, ही अमेरिकेतल्या गोल्फ संघटनेची, यूएसजीएची रीत. पाण्याचं म्हणाल, तर वीस बाय वीसच्या तुकड्याला मे महिन्यात रोज सहा मिलिमीटर धरलं तरी सव्वादोनशे लिटर होतं. माझा धंदा गवताचा आहे, तरी लातुरात टँकरच्या पाण्यावर हे करा असं मी सांगणार नाही.

उत्तर : टर्फचं काम करतो, परभणी

काळ्या मातीवर थेट टर्फ अजिबात नको. आपली रेगड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचं टर्फ जागचं हललं नाही तरी चेंडूची वाट बदलते. फूटभर माती काढा, मुरूम थराथरानं भरा, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवा, मग खडी आणि डस्ट, म्हणजे दगडाची भुकटी. लव्हाळा मुळासकट काढा, त्याचा कोंब प्लॅस्टिकलाही भोक पाडून वर येतो. आणि भर दुपारी टर्फ इतकं तापतं की अनवाणी पाय ठेववत नाही. सराव सकाळ-संध्याकाळच करावा लागेल.

उत्तर : माजी सैनिक, उदगीर

ताई, गवताशिवायही गोल्फ होतो, हे इथं कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो.

फौजेत असताना कोरड्या मुलखातल्या छावणीत मी मैदानाची देखभाल केलीय. तिथं ग्रीन नव्हतं, 'ब्राउन' होतं. दाबून सपाट केलेली जमीन आणि वर बारीक वाळूचा पातळ थर. पाण्याची टंचाई असलेल्या भागांत ही जुनी पद्धत आहे, ऑस्ट्रेलियातल्या खेड्यापाड्यांतही वाळूवर खेळतात. चेंडू वाळूवर आला की खेळाडू लाकडी फळी घेऊन चेंडूपासून भोकापर्यंत एक पट्टा ओढून घ्यायचा. त्या ओल्यासुक्या वाळूवर फळीची कड फिरली की इस्त्री केल्यासारखी वाट उमटायची, आणि चेंडू गेल्यावर त्याची रेघ स्पष्ट दिसायची. ही रेघ म्हणजे शिकणाऱ्याचा गुरू. पटरचं, म्हणजे पटिंगच्या काठीचं, तोंड फटक्याच्या वेळी किंचित जरी बाहेर वळलं तरी पहिल्या हातभरातच रेघ कलते. गवतावर हे दिसत नाही.

तुमच्यासाठी दहा बाय पंचवीस फूट पुरे. परभणीच्या दादांनी सांगितलाय तसाच मुरूम भरा, त्यात काटकसर करू नका. वर बारीक चाळणीनं चाळलेली क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, इंचभर. पूर्वी वाळू उडू नये म्हणून इंजिनचं जळकं तेल मिसळायचे. तुम्ही थेंबही टाकू नका, घरी बोअर आहे, ते खाली झिरपतं. सकाळी झारीनं हलकं पाणी शिंपडा, तेवढ्यात वाळू बसते.

भोकाचं माप 108 मिलिमीटर. हार्डवेअरच्या दुकानातला 110 चा पीव्हीसी पाईप घ्या, आतून तो 108 पेक्षा थोडा कमीच भरतो, सरावाला ते चांगलंच. कड वाळूच्या खाली इंचभर राहू द्या.

एक सांगून ठेवतो. वाळूवर लाईन, म्हणजे चेंडूची दिशा, शिकता येते, वेग नाही. पुण्याच्या ग्रीनवर चेंडू किती पळतो ते तिला तिथंच शिकावं लागेल.

प्रश्न : औसा रोड, लातूर

काका, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! लेक आत्ताच फळी शोधायलीय. दोन शंका. अंगणात कडुलिंब आहे, त्याच्या सावलीत केलं तर? आणि उतार ठेवायचा का?

उत्तर : माजी सैनिक, उदगीर

कडुलिंबाखाली नको. पानगळीत रोज झाडत बसाल, मुळ्याही मुरूम उचलतात. उतार फक्त पाणी निघण्यापुरता, पंचवीस फुटांना तीन इंच. गवंड्याकडून लेव्हल पाईपनं काढून घ्या, नजरेवर सोडू नका. जास्त दिला तर पहिल्याच मृगात वाळू गेटबाहेर.

वेगाचंही सांगतो. एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या माणसानं 1935 मध्ये ग्रीनचा वेग मोजायला एक साधी पट्टी बनवली, आज तीच स्टिम्पमीटर. खिडक्यांच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून तीन फुटांचा ॲल्युमिनियम अँगलचा तुकडा आणा. खालच्या टोकापासून तीस इंचांवर खूण करा. व्हीच्या खोबणीत चेंडू खुणेवर धरा, दुसरं टोक दरवेळी नेमक्या त्याच उंचीवर टेकवून सोडा आणि चेंडू किती फूट गेला ते वहीत लिहा. चढाला आणि उताराला, दोन्हीकडून. पुण्याला जाताना तोच तुकडा सोबत द्या. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवले की तिथं हात किती आवरायचा ते तिचं तिला कळेल.