क्लाउझर बोकडाच्या केसांचा बांधला, तर बिघडलं कुठे?

तळ्याकाठचा (भंडारा)
माझ्या एका फ्लायचा (गळावर केस-पिसं बांधून केलेल्या खोट्या आमिषाचा) फोटो पाहून एका जुन्याजाणत्या अँगलरने शेरा मारला, "बकटेल नाही, तर क्लाउझरही नाही." म्हणून हा धागा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्लाउझर ही फ्लाय बॉब क्लाउझर यांनी 1987 साली बसवली, अमेरिकेतल्या सस्क्वेहाना नदीतल्या स्मॉलमाउथ बास माशासाठी. गळाच्या दांडीवर वरच्या अंगाला शिशाचे जड डोळे बांधायचे. त्यामुळे गळ पाण्यात उलटा होतो, टोक वर राहतं आणि तळच्या कचऱ्यात कमी अडकतं. अंगाला बकटेल, म्हणजे तिकडच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शेपटीचे केस. तिथे तेच सहज मिळतं, म्हणून ते. माझ्याकडे बोकड आहे. खाटकाकडून शेपटी फुकट मिळते. मीठ लावून सावलीत वाळवायची, शाम्पूने धुवायची, झालं. आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावातली मरळ काही केसांचा दाखला मागत नाही.

जुना गळ (अमरावती)
शेरा माझाच होता, तेव्हा उत्तरही मीच देतो. मरळ दाखला मागत नाही, पण फ्लाय कशी हलते ते बघते ना? बकटेलचा केस बुडाशी थोडा पोकळ असतो. दोरा आवळला की तो जरा फाकतो आणि दोरा त्यात रुततो. बोकडाचा केस भरीव आणि गुळगुळीत. मरळीच्या दातांखाली एकदा गेला की अर्धा जुडगा सुटून येणार. दुसरं, पोकळ केसाने मागचा भाग जरा हलका राहतो. दोरी ओढून सोडली की डोकं खाली जातं, पुन्हा ओढली की वर येतं. या फ्लायचं सगळं काम या चालीवर आहे. भरीव केस लावले की ती अख्खीच्या अख्खी खाली बसते. उन्हाळ्यात तुमच्या तलावात पाणी किती आणि गाळ किती, हे तुम्हीच सांगा. आधी मूळ नमुना नीट बांधायला शिका, मग बदला. हल्ली लोक पहिली पायरी गाळतात आणि त्याला "जुगाड" म्हणून मिरवतात.

तळ्याकाठचा (भंडारा)
तोल बदलतो हे मान्य, आणि बदललेला तोल सावरता येतो हेही मान्य करा. मी शिशाचे डोळे लावतच नाही. बेसिनच्या बुचाला मण्यांची साखळी असते, तिचे दोन मणी तोडून लावतो. वजन निम्म्याहून कमी. केस एका वेळी आगकाडीएवढेच घ्यायचे. दांडीवर फेविक्विकचा बारीक थेंब, मग जुडगा, आधी दोन सैल वेढे आणि नंतर आवळून. असा बसवलेला केस मी पकडीने ओढून पाहतो, निघत नाही. जाड जुडगा एकदम बांधला तर सुटणारच, मग तो बोकडाचा असो की हरणाचा.

रानवाट (चंद्रपूर)
बकटेल नाही म्हणून कुणी चितळाचे नाहीतर सांबराचे केस शोधायला निघू नये. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली ते बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. सामन (सॅल्मन) माशासाठीच्या जुन्या फ्लायमधलं ते प्रसिद्ध "जंगल कॉक" पीस आपल्याच राखी रानकोंबड्याच्या मानेचं, मेणाच्या ठिपक्यांचं. तेही हात लावायचं नाही. मोराचं गळून पडलेलं शेपटीचं पीस देशात ठेवता येतं, पण परदेशी पाठवता येत नाही. म्हणजे त्याची फ्लाय बांधून बाहेर विकायचा विचार असेल तर सोडा.

आणि "मूळ सामानच हवं" हा हट्ट कुठवर जातो तेही पाहा. 2009 मध्ये इंग्लंडातल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून 299 पक्ष्यांची कातडी चोरीला गेली. चोरणारा जुन्या सामन फ्लाय बांधणारा पोरगा होता.

जुना गळ (अमरावती)
एका चोरावरून आम्हा सगळ्यांना चोरांच्या रांगेत बसवू नका. रंगवलेल्या कोंबडीच्या पिसाला मी कधीच नाही म्हटलेलं नाही. माझं म्हणणं हरणाच्या केसाच्या चालीबद्दल आहे, त्यावर बोला.

कोसावाली (मोहाडी)
दादा, चालीवरच बोलते. वूली बगर या फ्लायचं शेपूट मॅराबूचं असतं ना? ते पूर्वी मॅराबू करकोच्याचं पीस होतं, आता जगभर पाळीव टर्कीचं वापरतात. तिथे कुणी नाव काढून घेतलं नाही, कारण पाण्यात ते तसंच लवलवतं. पण आपल्या गावरान कोंबड्याचं मानेचं पीस आखूड आणि मऊ असतं. ओल्या, म्हणजे बुडणाऱ्या फ्लायला छान, तरंगणाऱ्या फ्लायला कुचकामी. म्हणजे "देशी सगळं चालतं" हेही खरं नाही, तळ्याकाठचे.

माझा स्वतःचा नाद कोश्याचा. ऐन-अर्जुनाच्या झाडावरच्या किड्याचा हा धागा. कातताना जो चोथा उरतो तो दोऱ्याला पीळ देऊन फ्लायच्या अंगावर चढवते. फक्त एक, भिजला की मधाचा रंग चांगलाच गडद होतो. कोरडा रंग बघून फ्लाय बांधली तर पाण्यात भलतीच दिसते. वाटीत पाणी घेऊन आधी बुडवून बघावं. वजनाला आणि बांधायला मोटर वाइंडिंगची तांब्याची बारीक तार. इंग्लंडातल्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर फेजंट टेल निम्फ ही फ्लाय दोरा न वापरता तांब्याच्या तारेनेच बांधायचे, तेव्हा तार लावली म्हणून मला कुणी टोकू नये 😄

गरीवाला (गोंदिया)
तुमी लोकं केसाचं भांडन करून राह्यले जी. आमी ढिवर, घरात गरी पिढ्यांची. मरळीले जित्ती बेडकुली दाखवा, थे येतेच. केस कोनाचा हाये थे तिले समजत नाई, हाललं पायजे बस. मंग येवढा खटाटोप कायले?

बाकी दोन गोष्टी सांगतो. तलाव सोसायटीच्या ठेक्यात रायते, विचारून या. अन पावसाळ्यात मरळीच्या लालसर पिल्लाईचा थवा पान्यावर दिसला, तं तिथं काईच टाकू नका. खाली माय-बाप राखन करत असते. थे भुकेनं नाई, रागानं झेपावते. थे धरली का सारे पिल्लं गेले.

तळ्याकाठचा (भंडारा)
गरीवाले भाऊ, थव्याचं अगदी बरोबर. खटाटोपाचं म्हणाल तर बेडकुली लावली की मरळ गळ गिळते, मग सोडता येत नाही. फ्लाय बहुतेक ओठात लागते. पकडीने गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून टाकला की सोडणं आणखी सोपं.

गरीवाला (गोंदिया)
सोडाची कायले? 😂

जुना गळ (अमरावती)
कोसावालीताईंचं वाटीचं म्हणणं पटलं. तळ्याकाठचे, फोटो पुरे. विहिरीच्या टाक्यात दोन्ही फ्लाय सोडून व्हिडिओ टाका, एक बकटेलची, एक बोकडाची. माझ्याकडे बकटेल शिल्लक आहे, पाठवतो. गळ एकाच नंबरचा आणि डोळे दोन्हींना तेच लावा.

तळ्याकाठचा (भंडारा)
पाठवा. पण डोळे तेच कसे लावू? बोकडाच्या केसाला हलके डोळे हाच तर माझा मुद्दा आहे.

जुना गळ (अमरावती)
मग तीन बांधा.