मदत हवी आहे : गॅन्डाल्फ सारुमानला सामील झाला असता तर?

टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीवरून मी एक कल्पित प्रसंग लिहीत असून, ऑर्थँकच्या मनोऱ्यात फितूर जादूगार सारुमान दुष्ट सत्ताधीश सॉरॉनशी हातमिळवणी करण्याचा प्रस्ताव मांडतो तेव्हा सज्जन जादूगार गॅन्डाल्फ तो स्वीकारतो, अशी त्यात कल्पना आहे. मात्र तो भीतीपोटी किंवा हव्यासाने फितूर झाला, असे मला दाखवायचे नाही. सॉरॉनने घडवलेल्या सामर्थ्यशाली अंगठीचा मोह आपल्याला दयेच्या वाटेनेच पडेल, असे मूळ कथेत गॅन्डाल्फ स्वतःच ती अंगठी बाळगणाऱ्या फ्रोडोला सांगतो. मग हीच दया त्याला शत्रूच्या गोटात कशी नेईल? अंगठीच्या मोहाला बळी पडलेल्या बोरोमिर या योद्ध्याचे उदाहरण येथे फारसे उपयोगी पडत नाही, कारण त्याला अंगठी सॉरॉनविरुद्धच वापरायची होती. अशा वेळी सॉरॉनची विरोधक असलेली एल्फ स्वामिनी गॅलाड्रिएल काय करील, याविषयीही जाणकारांनी कृपया सविस्तर मत द्यावे.